गणिताचा तास घ्यायचा म्हटलं की धडकी भरते: शिक्षक होऊ पाहणाऱ्यांसाठी धागा

अनुस्वार:

प्राथमिक शिक्षक होण्यासाठी शिकणाऱ्या आमच्या गटात वर्गापुढे उभं राहायची भीती बहुतेकांची गेली आहे. गोष्ट सांगणं, कविता चालीवर म्हणून घेणं, परिसर अभ्यासाचा उपक्रम घेणं, यात सगळे रमतात. सराव पाठांच्या वेळापत्रकात आपल्या नावापुढे 'गणित' आलं की मात्र चेहरे उतरतात. माझाही.

नेमकं काय होतं ते लिहिते, कारण 'गणित कच्चं आहे' एवढ्याने ते कळत नाही. चौथी-पाचवीची उदाहरणं मला सुटतात. एकटी बसून सोडवली तर उत्तरंही बरोबर येतात. पण फळ्याशी उभी असताना, मागे मार्गदर्शक निरीक्षण वही घेऊन बसलेले असताना, भागाकाराची पायरी लिहिता लिहिता हात थबकतो. सात आठे किती, हेसुद्धा क्षणभर सुचत नाही. आणि हे तासाला सुरू होत नाही, वेळापत्रक लागतं त्या दिवसापासूनच पोटात गोळा येतो.

त्याहून मोठी धास्ती मुलांच्या प्रश्नांची आहे. 'अपूर्णांकाने भागताना तो उलटा का करायचा?' असं कुणी विचारलं तर 'तसा नियम आहे' याच्या पलीकडे काय सांगायचं? आमच्या गटातली गणिताची टाचणं, म्हणजे पाठाची आधी लिहून काढलेली आखणी, पाहिली तर ती इतकी घट्ट बांधलेली असतात की मुलांना प्रश्न विचारायला फटच राहत नाही. सगळेच जण तसं करतात आणि त्यावर कुणी बोलत नाही.

मला विचारायचंय ते असं. ही भीती शिक्षक होणाऱ्यांमध्ये खरंच एवढी सर्रास आढळते का? तिचा मुलांवर परिणाम होतो का? आणि 'सराव कर, जमेल' याखेरीज काही ठोस करता येतं का?

रानवारा:

अगदी माझ्या मनातलं लिहिलंस. आमच्याकडे तर आपापसात पाठांची अदलाबदल चालते. 'तू माझं गणित घे, मी तुझं विज्ञान घेते.' पुढे नोकरी लागल्यावर अशी अदलाबदल कोण करून देणार? पहिली-दुसरीला तर एकच शिक्षक सगळे विषय घेतो.

मला एकटीला सोडवताना त्रास होत नाही. कुणी खांद्यामागून बघत असेल तर होतो. वाचतेय, अनुभवी लोकांनी जरूर लिहा.

वनमाला:

अनुस्वार, धागा काढलास ते फार बरं केलंस. मी शिक्षक प्रशिक्षणात शिकवते आणि हा माझ्या अभ्यासाचाही विषय आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हो, सर्रास आढळते, आणि हे आजचं नाही. 'आकड्यांची चिंता' ही इतर चिंतांपेक्षा वेगळी मोजता येते असं ड्रेगर आणि एकन यांनी १९५७ मध्येच मांडलं होतं. १९७२ मध्ये रिचर्डसन आणि सुइन यांनी ती मोजायला ९८ विधानांची एक श्रेणी तयार केली. पुढे १९९० मध्ये रे हेम्ब्री यांनी १५१ अभ्यास एकत्र करून पाहिले. महाविद्यालयात वेगवेगळे विषय घेणाऱ्यांची तुलना केली तेव्हा सर्वांत जास्त चिंता कोणात दिसली असेल? प्राथमिक शिक्षक होण्यासाठी शिकणाऱ्यांमध्ये. पुढची पिढी ज्यांच्याकडून पहिल्यांदा गणित शिकणार, नेमके तेच. एवढं जुनं निरीक्षण असूनही प्रशिक्षणाच्या आखणीत त्याला जागा मिळत नाही याची मला मनापासून खंत वाटते.

आता सात आठे न सुचण्याबद्दल. पाढा विसरलेला नसतो. डोक्यात हिशेब करताना आपण काही गोष्टी तात्पुरत्या धरून ठेवतो: हातचा किती, कुठली पायरी झाली, पुढचा अंक कुठला. ही धरून ठेवायची जागा फार थोडी असते. 'आता चुकेल, सगळे बघताहेत' हे विचार तीच जागा खातात. ॲशक्राफ्ट आणि कर्क यांनी २००१ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना काही अक्षरं लक्षात ठेवायला सांगायची आणि त्याच वेळी तोंडी बेरजा करायला लावायच्या. हातचा नसलेल्या बेरजांत फारसा फरक दिसला नाही. हातचा आला आणि लक्षात ठेवायची अक्षरंही जास्त असली, की गणिताची चिंता असणाऱ्यांच्या चुका इतरांपेक्षा खूप वाढल्या. म्हणजे फळ्याशी जे होतं ते त्या घडीला जागा कमी पडल्यामुळे. ते बुद्धीचं माप नाही.

वेळापत्रक लागल्यापासून गोळा येतो असं तू लिहिलंस, तेही अभ्यासात दिसलंय. लायन्स आणि बायलॉक यांनी २०१२ मध्ये मेंदूच्या प्रतिमा घेऊन पाहिलं. गणिताची चिंता जास्त असणाऱ्यांना 'आता गणित येणार' अशी खूण दाखवली की वेदनेशी जोडलेल्या भागांत हालचाल वाढत होती. प्रत्यक्ष गणित करताना तसं दिसलं नाही. वाट पाहणं जास्त दुखतं. म्हणून पाठाच्या आधीचे दिवस कसे घालवायचे याचा विचार करायला हवा, नुसत्या तासाचा नाही.

खडू_फळा:

मी पालक म्हणून लिहितोय. कुणाला दुखवायचा हेतू नाही, पण हे बोललं गेलं पाहिजे. ज्याला गणिताची इतकी भीती वाटते त्याने पहिली ते पाचवीला गणित शिकवूच नये. माझ्या मुलीला दुसरीत ज्या बाई होत्या, त्या 'हा धडा मलाही आवडत नाही, पटकन उरकून टाकू' असं वर्गात म्हणायच्या. आधी ती घरी येऊन मण्यांची माळ घेऊन बसायची. वर्षाअखेरीस 'मला गणित येत नाही' असं म्हणू लागली. त्या बाई स्वभावाने प्रेमळ होत्या, मुलीला त्या अजून आवडतात. पण नुकसान झालं ते झालंच. मोठ्यांच्या भावना जपण्यात मुलांचं नुकसान का करायचं?

वनमाला:

खडू_फळा, तुमची तक्रार रास्त आहे. अनुस्वारच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही तीतच आहे.

बायलॉक, गंडरसन, रामिरेझ आणि लिव्हाइन यांचा २०१० चा अभ्यास यावरच आहे. अमेरिकेतल्या पहिली-दुसरीच्या १७ शिक्षिका आणि त्यांच्या वर्गांतली ११७ मुलं, ६५ मुली आणि ५२ मुलगे. वर्षाच्या सुरुवातीला शिक्षिकेची चिंता आणि मुलांचं गणित यांचा काही संबंध दिसला नाही. वर्षाच्या शेवटी दिसला, तोही फक्त मुलींमध्ये. शिक्षिकेची चिंता जितकी जास्त, तितकी तिच्या वर्गातल्या मुलींनी 'मुलगे गणितात हुशार, मुली वाचनात' असं मानण्याची शक्यता जास्त. आणि ज्या मुलींनी ते मानलं त्यांचं गणित इतरांपेक्षा मागे पडलं. अभ्यास लहान आहे, त्यावरून प्रत्येक वर्गाबद्दल निकाल देऊ नये. पण तुम्ही जे पाहिलंत त्याच्याशी तो जुळतो.

तरीही 'घाबरणाऱ्यांनी शिकवू नये' हे मला पटत नाही. एक तर असा नियम केला की लोक भीती लपवतील, आणि लपवलेल्या भीतीवर काम करता येत नाही. दुसरं, शिक्षिकेची भीती मुलीपर्यंत पोचते ती बोलण्यातून आणि वागण्यातून: 'पटकन उरकू', 'हे अवघड आहे हं', 'मुलांनो, तुम्ही सांगा' म्हणत मुलींकडे न वळणारी नजर. बोलणं-वागणं बदलता येतं. पालकांबद्दलही असंच आढळलंय. २०१५ मध्ये मलोनी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की गणिताला घाबरणारे पालक वारंवार गृहपाठाला मदत करत, तेव्हा त्यांची मुलं वर्षभरात कमी शिकली आणि जास्त घाबरू लागली. तेवढेच घाबरणारे पण क्वचित मदत करणारे पालक असतील तर तसं दिसलं नाही. म्हणून पालकांना कुणी मुलांपासून दूर ठेवत नाही, मदत कशी करायची ते सांगतो. शिक्षकांच्या बाबतीतही तोच रस्ता आहे.

शून्यलब्धी:

बरीच वर्षं गणित शिकवतोय आणि प्रशिक्षणार्थींचे पाठही पाहतो. वनमालाताईंनी लिहिलं ते सगळं मान्य. पण एक गोष्ट कुणी बोलत नाही, ती बोलतो. भीतीचा अर्धा भाग मनात असतो, अर्धा भाग खऱ्याखुऱ्या पोकळीत. नियम येतो, कारण येत नाही. मग वर्गात शिरताना जी धास्ती वाटते ती अगदी समंजस धास्ती आहे, कारण मुलं कारणच विचारतात. अशा वेळी 'घाबरू नकोस, तुला येतं' असं म्हणणं म्हणजे त्या माणसाला एकटं सोडणं आहे.

लिपिंग मा या संशोधक बाईंनी १९९९ च्या पुस्तकात अमेरिकेतले २३ आणि चीनमधले ७२ प्राथमिक शिक्षक यांच्या मुलाखती मांडल्या आहेत. त्यातला एक प्रश्न: १ ३/४ ÷ १/२ सोडवा, आणि यावर एक शाब्दिक उदाहरण रचा. अमेरिकेतल्या २१ जणांनी आकडेमोड केली, त्यातल्या ९ जणांचं उत्तर पूर्ण बरोबर आलं. चीनमधल्या ७२ च्या ७२ जणांचं आलं. शाब्दिक उदाहरण रचताना तर अमेरिकेतल्या बऱ्याच जणांनी अर्ध्याने भागण्याऐवजी दोनने भागण्याची, म्हणजे दोघांत वाटण्याची गोष्ट रचली.

मला यातली सर्वांत मोलाची बाब पुढची वाटते. त्या चिनी शिक्षकांचं औपचारिक शिक्षण अमेरिकेतल्या शिक्षकांपेक्षा कमी होतं. बरेचसे नववीनंतर दोन-तीन वर्षांचं प्रशिक्षण घेऊन आलेले. त्यांची समज आली होती प्राथमिक शाळेचंच गणित सहकाऱ्यांबरोबर पुन्हा पुन्हा खोदण्यातून. हा धडा आधी का, हेच उदाहरण का, मुलं इथे काय म्हणतील, यावर एकत्र बसून बोलण्यातून. तेव्हा अनुस्वार, तुला उच्च गणित शिकायची गरज नाही. पहिली ते पाचवीचंच गणित, मोठ्या माणसाच्या डोक्याने, सावकाश पुन्हा शिकायचं आहे.

तुझाच प्रश्न घेऊ. पावणेदोन मीटर फीत आहे. अर्ध्या अर्ध्या मीटरचे तुकडे कापायचे. किती होतील? कागदावर फीत काढ. दीड मीटरमध्ये तीन तुकडे निघाले, पाव मीटर उरली. पाव मीटर म्हणजे अर्ध्या तुकड्याएवढी. म्हणून साडेतीन तुकडे. उत्तर ३ १/२.

आता उलटा का करायचा? एका मीटरमध्ये अर्ध्या मीटरचे दोन तुकडे बसतात. मग पावणेदोन मीटरमध्ये पावणेदोनच्या दुप्पट. अर्ध्याने भागणं म्हणजे दोनने गुणणं, ते एवढ्यासाठी. तुकडा १/३ चा असता तर एका मीटरमध्ये तीन बसले असते, तिप्पट केली असती. तुकडा २/३ चा असेल तर? १/३ चे तीन बसतात, पण आता प्रत्येक तुकडा तसल्या दोघांएवढा, म्हणून संख्या निम्मी: तीनने गुणायचं आणि दोनने भागायचं. झाला ३/२. नियम आपोआप हाती आला. हे एकदा स्वतःच्या हाताने कापून पाहिलं की कुठल्याही मुलाच्या 'का?' ला सामोरं जाता येतं.

रानवारा:

शून्यलब्धी सर, आत्ता खरंच कागदाची पट्टी कापून पाहिली. पण मुलं इथे हमखास अडतील असं वाटतं: उरलेली फीत पाव मीटर आहे, डोळ्यांना पावच दिसतेय, मग उत्तर सव्वातीन का नाही?

शून्यलब्धी:

फार चांगला प्रश्न. अगदी याच जागी वर्गातली निम्मी मुलं अडतात.

'किती मीटर उरली?' आणि 'किती तुकडे झाले?' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्यात माप मीटरचं, म्हणून पाव. दुसऱ्यात माप तुकड्याचं, आणि एक तुकडा अर्ध्या मीटरचा, म्हणून उरलेला भाग अर्धा तुकडा. मुलाला लगेच 'चूक' म्हणू नकोस. 'पाव कशाचा?' एवढंच विचार आणि थांब. अपूर्णांकांच्या तासाला दर थोड्या वेळाने हाच प्रश्न विचारायचा: कशाचा? ज्या वर्गात मुलं एकमेकांना तो विचारायला लागतात, तिथे अपूर्णांक बसले असं समजावं.

आणि एक सांगतो. तू हा प्रश्न मुलाच्या जागी बसून विचारलास. नुसतं गणित येणाऱ्या माणसाला तो सुचेलच असं नाही. विषय येणं वेगळं आणि तो विषय शिकवण्यासाठी लागणारं ज्ञान वेगळं, हे ली शुलमन यांनी १९८६ मध्ये मांडलं, आणि डेबोरा बॉल यांनी गणितापुरतं ते खूप पुढे नेलं. मूल कुठे अडेल, कोणतं चित्र तिथे कामाला येईल, चुकीच्या उत्तरामागे कोणता विचार आहे. हे ज्ञान जन्मजात हुशारीवर अवलंबून नसतं. लहानपणी स्वतः अडलेल्या माणसाला ते कधी कधी लवकर साधतं.

मुक्तछंद:

मला एक शंका आहे. आमच्यातल्या एकीला आकडे उलटसुलट दिसतात, घड्याळ वाचायला वेळ लागतो, छोट्या बेरजाही बोटांवर कराव्या लागतात. तिला भीती आहेच, पण हे नुसत्या भीतीपेक्षा वेगळं वाटतं.

वनमाला:

वेगळं असू शकतं. संख्यांची जाण आणि साधी आकडेमोड यांतच लहानपणापासून अडचण असेल तर त्याला डिसकॅल्क्युलिया म्हणतात. त्याची तपासणी तज्ज्ञांकडून होते, आपण ऐकीव लक्षणांवरून ठरवू नये. दोन्ही एकत्रही असू शकतात. तिला जाणकार मानसतज्ज्ञाकडे जायला सांगा. खरं कारण कळलं तर स्वतःला दोष देणं तरी थांबेल.

तिरकी रेघ:

मी काही वर्षं तिसरी-चौथीला शिकवतेय. प्रशिक्षणात असताना माझी अवस्था अनुस्वारसारखीच होती, म्हणून मला काय उपयोगी पडलं ते लिहिते.

सर्वांत जास्त उपयोग झाला तो दोघींनी मिळून मोठ्याने सोडवण्याचा. मी आणि मैत्रीण आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी बसायचो. एक उदाहरण घ्यायचं, एकीने प्रत्येक पायरी बोलत बोलत करायची, दुसरीने फक्त 'का?' विचारायचं. घड्याळ लावायचं नाही. ६२ वजा २८ घेतलं तर 'दोनातून आठ जात नाहीत' इथेच ती मला थांबवायची. का जात नाहीत? मग ६२ ला ५० आणि १२ असं मांडायचं, दहाच्या गठ्ठ्यातला एक सोडून सुटे करायचे, आणि मगच वजाबाकी. मग तीच वजाबाकी दुसऱ्या तऱ्हेने: २८ पासून ३० पर्यंत २, ३० पासून ६२ पर्यंत ३२, एकूण ३४. एकाच उदाहरणाकडे जायच्या दोन-तीन वाटा माहीत झाल्या की फळ्यावर एक वाट विसरली तरी माणूस कोसळत नाही. माझ्या भीतीवरचं खरं औषध हेच ठरलं. 'कुणी बघत असताना' बोलायची सवयही त्यातच झाली, कारण बघणारी व्यक्ती प्रेमाची होती.

दुसरं, टाचणात एक जास्तीचा रकाना मी आखून घेतला: मुलं इथे कोणती चुकीची उत्तरं देतील आणि ती का देतील. दोन-तीन उत्तरं आधी लिहून ठेवली की वर्गात ती आल्यावर दचकायला होत नाही, उलट 'हे येणार हे मला माहीत होतं' असा धीर येतो.

लेखी परीक्षेच्या आधी मनातली काळजी कागदावर उतरवण्याचा प्रयोग रामिरेझ आणि बायलॉक यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केला होता. परीक्षेआधी दहा मिनिटं आपल्या चिंतेबद्दल मोकळेपणाने लिहायचं, एवढंच. जास्त घाबरणाऱ्यांना त्याचा फायदा दिसला. मला पाठाच्या दिवशी त्याने बरं वाटायचं. सगळ्यांना सारखाच उपयोग होईल असं नाही, करून पाहायला खर्च काहीच नाही.

वर्गात उत्तर आलं नाही तर काय बोलायचं, हे आधीच ठरवून ठेवावं. मी म्हणते, 'तुझा प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवू. आज सगळे विचार करू, उद्या मी काय शोधलं ते सांगेन, तुम्ही काय शोधलं ते सांगा.' आणि दुसऱ्या दिवशी तो प्रश्न न चुकता घ्यायचा. मुलांचा विश्वास त्या न चुकण्यावर बसतो. 'शून्याने भागलं तर काय?' हा प्रश्न माझ्या वर्गात असाच कोपऱ्यात गेला होता. दुसऱ्या दिवशी भागाकार गुणाकाराने पडताळून पाहिला: १२ ÷ ३ = ४, कारण ३ × ४ = १२. मग १२ ÷ ० चं उत्तर अशी कुठली संख्या, जिला शून्याने गुणल्यावर १२ येतील? मुलांनी बराच वेळ शोधली आणि शेवटी स्वतःच म्हणाली, अशी संख्याच नाही.

जाता जाता: 'माझंही गणित कच्चं होतं' हे मुलांना धीर देण्यासाठी कधीही म्हणू नका. आणि 'अगं, हे तर सोपं आहे' हेही नको. ज्या मुलीला ते आलं नाही ती मनात काय समजते याचा विचार करा.

खडू_फळा:

तिरकी रेघ, तुमच्यासारख्या बाई माझ्या मुलीला मिळायला हव्या होत्या. माझं मत थोडं बदललं आहे. तरी एक विचारतो. हे सगळं प्रशिक्षणार्थींनी संध्याकाळी आपापलं बसून का करायचं? प्रशिक्षणातच का नाही? तिथे तर अध्यापन पद्धती शिकवतात ना?

वनमाला:

अगदी बरोबर बोललात. जबाबदारी आम्हा शिकवणाऱ्यांचीच आहे.

पद्धतीच्या तासांना प्रशिक्षणार्थींनी स्वतः ठोस वस्तू हाताळून प्राथमिक गणित केलं तर चिंता कमी होते, असं एकापेक्षा अधिक अभ्यासांत आढळलं आहे. पण बऱ्याच ठिकाणी तासाला 'साहित्य वापरावे' हे वाक्य शिकवतात, साहित्य कपाटात. आणि नुसता मनाचा आधार दिला तर तो पहिल्याच अवघड प्रश्नाला गळून पडतो. चिंतेमुळे कामगिरी घसरते आणि घसरलेल्या कामगिरीमुळे चिंता वाढते, दोन्ही बाजूंनी पुरावे आहेत. त्यामुळे मन आणि आशय यांवर एकत्रच काम व्हायला हवं. लहान मुलांत तर २०१५ च्या सुपेकर आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात आठ आठवड्यांच्या एकास एक शिकवणीने, म्हणजे नीट गणित शिकवण्यानेच, चिंता उतरलेली दिसली. तिसरीतली मुलं होती ती.

माझ्या हातात असतं तर पहिला बदल सराव पाठांत केला असता. गणिताचा पहिला पाठ पूर्ण वर्गापुढे, गुणांसाठी, हे बंद. आधी चार-पाच मुलांचा गट, मागे मार्गदर्शकाऐवजी सोबती, आणि पाठानंतर चर्चा फक्त मुलांनी काय विचार केला याची. शिक्षिकेचा हात थरथरला का याची नाही. गुण त्यानंतर कधीतरी.

अनुस्वार:

सगळ्यांचे किती आभार मानू. एक मैत्रीण 'का?' विचारायला तयार झाली आहे.

पुढच्या आठवड्यात माझा पाठ आहे, दशांश अपूर्णांकांची तुलना. तिरकी रेघ यांच्यासारखा चुकीच्या उत्तरांचा रकाना आखला. मुलं ०.३५ हे ०.८ पेक्षा मोठं म्हणतील, कारण ३५ हे ८ पेक्षा मोठे. म्हणून सुरुवातीलाच ०.३५ आणि ०.८ ही जोडी ठेवली आहे. शंभर चौकोनांच्या कागदावर दोन्ही रंगवून घ्यायचे: ३५ चौकोन आणि ८० चौकोन. त्यानंतर तशाच आणखी पाच जोड्या: ०.२७ आणि ०.६, ०.१५ आणि ०.४, अशा. चालेल का? सर, काही चुकत असेल तर सांगा.

शून्यलब्धी:

रंगवायची कल्पना छान आहे. जोड्यांमध्ये मात्र एक खाच आहे. तुझ्या सगळ्या जोड्यांत दशांश चिन्हापुढे कमी अंक असलेली संख्या मोठी आहे. चार जोड्या झाल्या की काही मुलं मनात नवाच नियम करतील: 'कमी अंक ती मोठी.' काही मुलांच्या डोक्यात तो आधीपासून असतो, कारण दशांशापेक्षा शतांश लहान हे त्यांनी ऐकलेलं असतं. त्यांची सगळी उत्तरं बरोबर येतील आणि समज चुकलेलीच राहील. तुला पत्ताही लागणार नाही.

जोड्या मिसळ. ०.३५ आणि ०.८ राहू दे. तिच्या पाठोपाठ ०.६५ आणि ०.३ दे. आता 'कमी अंक ती मोठी' म्हणणारी मुलं अडतील. मग ०.४ आणि ०.४०, इथे दोन्ही नियम कोसळतात. शेवटी ०.०९ आणि ०.१. प्रत्येक जोडीला आधी अंदाज लिहायला लाव, मग रंगवायला, आणि अंदाज चुकला असेल तर खोडू देऊ नकोस. चुकलेल्या अंदाजांवरच तुझा तास उभा राहील.

अनुस्वार:

हे लक्षातच आलं नसतं. जोड्या बदलल्या. ०.४ आणि ०.४० ला मुलं 'शून्य जोडला म्हणजे दहापट' असं म्हणतील, तेही रकान्यात लिहिलं.

एकच शंका: ०.०९ आणि ०.१ रंगवताना ९ आणि १० चौकोन होतात, फरक एकाच चौकोनाचा. लांबून कळेल का?

तिरकी रेघ:

दहाची उभी ओळ पूर्ण रंगवून घे आणि शेजारच्या ओळीत नऊ. रिकामा राहिलेला एक चौकोन उठून दिसतो. कागद मुलांच्या हातात असू दे, फळ्यावर एकच मोठा तक्ता लाव. पाठ झाला की इथे लिही, मुलांनी काय काय उत्तरं दिली ते वाचायचंय.